'सगळे समान' म्हणजे कोण कोण?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आज आम्ही जरा लांबची गोष्ट घेऊन आलो आहोत. लांबची म्हणजे खरोखरच लांबची, सातासमुद्रापलीकडची आणि अडीचशे वर्षांपूर्वीची. अमेरिका हा देश इंग्रजांपासून स्वतंत्र झाला, त्या काळात तिथे काय लिहिलं गेलं आणि ते कोणी कोणी ऐकलं, त्याची ही गोष्ट. विषयाचं नाव ऐकून रेडिओ बंद करू नका. हिच्यात राजे आणि लढाया थोड्या आहेत, बाया जास्त आहेत. आणि आम्हाला जी सगळ्यात आवडली तिला तर अक्षरओळखसुद्धा नव्हती.

काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून आधी एक-दोन खुणा सांगतो. 1761 च्या जानेवारीत पानिपत झालं. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतल्या बोस्टन बंदराला एक जहाज लागलं आणि त्यातून आफ्रिकेतली एक सात-आठ वर्षांची पोर विकायला उतरवली. तिच्याकडे आपण येऊच. 1773 मध्ये पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टनच्या लोकांनी जहाजांवर चढून चहाच्या पेट्या समुद्रात रिकाम्या केल्या. तो चहा कोणाचा होता? ईस्ट इंडिया कंपनीचा. हो, तीच कंपनी, जी तेव्हा मुंबईत पाय रोवून बसली होती आणि जिने 1818 मध्ये पेशवाई बुडवली. तेव्हा गोष्ट परक्या मुलखातली असली तरी सावकार ओळखीचा आहे.

त्या वेळची अमेरिका आजच्याएवढी अवाढव्य नव्हती. समुद्राला लागून 13 वसाहती होत्या, इंग्लंडच्या राजाच्या ताब्यातल्या. बहुतेक लोक शेती करणारे. कर ठरवायचा इंग्लंडच्या पार्लमेंटने आणि तिथे यांच्या बाजूने बोलणारा एकही माणूस नाही. भांडणाचं मूळ ते. भांडण वाढलं तसे कागदही वाढले. पत्रकं, वर्तमानपत्रं, नाटकं, कविता, प्रवचनं. छापखान्यांना उसंत नव्हती.

या कागदांतला सगळ्यात गाजलेला कागद एका शिवणकाम करणाऱ्याच्या मुलाने लिहिलेला आहे. थॉमस पेन त्याचं नाव. बाप इंग्लंडात बायकांच्या कमरेच्या घट्ट कंचुक्या शिवायचा, पोरगाही तेच शिकला. धंदा बसला, नोकरी गेली, आणि 1774 च्या अखेरीस सदतिशीतला हा माणूस अमेरिकेत उतरला. 1776 च्या जानेवारीत त्याचं छोटंसं पुस्तक निघालं. नाव 'कॉमन सेन्स', म्हणजे साधी अक्कल. त्याआधी असे विषय वकील आणि पंडित लिहायचे, मधे मधे लॅटिन पेरून. पेनने ते सगळं टाकून दिलं. राजाचा मुलगा राजा का व्हावा, हे त्याने गावच्या माणसाला कळेल अशा भाषेत विचारलं. दाखले दिले ते बायबलातले, कारण ते घराघरांत माहीत होतं. आपल्याकडे कीर्तनकार जसं ओळखीच्या कथेवरून आजच्या गोष्टीवर येतो, तसंच.

आणि ते पुस्तक लोकांनी ऐकलं. ज्याला वाचता येत होतं त्याने खाणावळीत, गुत्त्यात, सैन्याच्या छावणीत मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी भोवती बसायचं. आम्ही रेडिओवाल्या असल्यामुळे असेल, पण या गोष्टीपाशी आम्ही जास्त थांबलो. वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास असले की लिहिणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. त्याने कोणासाठी लिहिलं आणि कोणाच्या कानावर पडलं, याचा मेळ नसतो. कोपऱ्यात भांडी आवरणारी बाईसुद्धा ऐकतच असते.

त्याच वर्षी जुलैमध्ये वसाहतींच्या पुढाऱ्यांनी स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. मसुदा लिहिला थॉमस जेफर्सन यांनी. सगळी माणसं समान घडलेली आहेत आणि जगणं, मोकळं असणं हे त्यांचे हक्क कोणी काढून घेऊ शकत नाही, असा त्याचा गाभा. हा कागदही गावोगाव वाचून दाखवला गेला. बोस्टनमध्ये 18 जुलैला सरकारी इमारतीच्या सज्जातून तो वाचला, आणि खाली गर्दीत एक बाई उभी होती, अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स. तिचा नवरा जॉन अ‍ॅडम्स फिलाडेल्फियाला त्याच पुढाऱ्यांच्या सभेत बसलेला. ती बोस्टनला आली होती ती मुलांना आणि स्वतःला देवीची लस टोचून घ्यायला. त्या काळची लस म्हणजे देवीच्या फोडातला पू घेऊन टोचायची, जिवाला धोका असायचाच. अशा धामधुमीत तिने तो जाहीरनामा ऐकला आणि नवऱ्याला पत्रातून सगळं कळवलं.

आता त्या 'माणसं' शब्दाकडे वळू. इंग्रजीत जो शब्द वापरला त्याचे दोन अर्थ होतात, माणसं असाही आणि पुरुष असाही. लिहिणाऱ्यांच्या मनात दुसराच अर्थ होता, तोही गोऱ्या पुरुषांचा. आपल्याला हे नवीन वाटायला नको. 'चार माणसं बसवून निर्णय घेऊ' असं गावात म्हणतात, तेव्हा त्या चारांत बाई किती वेळा असते? जेफर्सन यांचंच सांगायचं तर त्यांच्या हयातीत 600 हून जास्त माणसं त्यांच्या मालकीची गुलाम होती. समानतेचं वाक्य लिहिणाऱ्या हाताने गुलामांचा हिशेब लिहिला, हे तिथले लोकही आज नाकारत नाहीत.

मग या शब्दात आम्ही धरलो का, असं कोणी विचारलं की नाही? विचारलं. आणि विचारायला जाहीरनाम्याची वाटसुद्धा कोणी पाहिली नव्हती.

अ‍ॅबिगेलने तर साडेतीन महिने आधीच विचारलं. 31 मार्च 1776 ला तिने नवऱ्याला पत्र लिहिलं, की नवे कायदे करणार आहात तर त्यात बायांची आठवण ठेवा, नवऱ्यांच्या हातात अमर्याद सत्ता देऊ नका. नाहीतर आम्हीही बंड करू, असंही तिने लिहिलं. अर्धी थट्टा, अर्धं खरं. ज्या कायद्यात आमचं मत नाही तो आम्ही का पाळावा, हा तिचा मुद्दा म्हणजे पुरुषांनी राजाला टाकलेलाच सवाल होता. नवऱ्याचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. मला हसू आलं, असं त्याने लिहिलं. शिकाऊ पोरं ऐकेनात, विद्यार्थी ऐकेनात, गुलाम मालकाला उलटून बोलू लागले असं कानावर येत होतंच, आता त्यांच्यात बायांचीही भर पडली, असा त्याचा सूर. या जोडप्याची 1100 हून जास्त पत्रं आज जपून ठेवलेली आहेत. प्रेम पुष्कळ होतं, हेही त्यांतून दिसतं. पण या एका बाबतीत त्याने बायकोला हसण्यावारी नेलं.

ही बाई कधी शाळेत गेली नव्हती. तिचं शुद्धलेखन तिच्या मनाप्रमाणे चालायचं. नवरा महिनोन् महिने बाहेर, आणि इकडे शेत, गडीमाणसं, चार मुलं, आजारपण, लढाईच्या तोफांचा आवाज, सगळं हिच्या अंगावर. तिच्या पत्रांत देशाच्या गोष्टींच्या शेजारी टाचण्या येतात. होय, टाचण्या. लढाईमुळे इंग्लंडचा माल बंद झाला, टाचण्यांचे भाव आभाळाला भिडले, म्हणून ती नवऱ्याला लिहिते, तिकडून टाचण्या पाठव. आम्हाला हे पत्रांचं लिखाण त्या काळच्या थोर ग्रंथांपेक्षा जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात घर आणि राज्य वेगळ्या खोल्यांत ठेवलेले नाहीत.

भावांवरून आठवलं. 1777 च्या जुलैत तिने बोस्टनची एक हकिगत कळवली आहे, ती आमच्या इथे वाचून दाखवली तेव्हा सगळ्याजणी पोट धरून हसल्या. एक बडा आणि कंजूस व्यापारी कॉफी गोदामात दाबून बसला होता, पौंडाला सहा शिलिंगांच्या खाली द्यायला तयार नव्हता. शंभर किंवा त्याहून जास्त बाया हातगाडी घेऊन त्याच्या गोदामावर गेल्या आणि किल्ल्या मागितल्या. तो देईना. तेव्हा एकीने त्याची मान धरली आणि त्याला उचलून गाडीत टाकलं. मग किल्ल्या निघाल्या. बायांनी गाडी उलटी करून त्याला खाली ओतला, गोदाम उघडलं, कॉफी स्वतःच बाहेर काढली, गाडीवर चढवली आणि गेल्या. भोवती पुरुषांची गर्दी गप्प उभी राहून बघत होती. (दुकानदाराला गाडीत टाका असं आम्ही सांगत नाही, हे रेडिओवर स्पष्ट केलेलं बरं.)

याच्याही आधी, 1774 मध्ये, उत्तर कॅरोलिनातल्या एडन्टन गावच्या 51 बायांनी इंग्लंडच्या मालाविरुद्धच्या ठरावाला पाठिंबा म्हणून एका कागदावर सह्या केल्या, आपापल्या नावाने. लंडनमध्ये त्याचं व्यंगचित्र निघालं, बायांना विद्रूप दाखवून. बायांनी ठराव केला की आधी चित्र निघतं, मग बातमी.

अ‍ॅबिगेलच्या पैशाची गोष्ट बचत गटाच्या बायांना सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. तिथला कायदा तेव्हा असा होता की लग्न झालं की बाईचं म्हणून काही उरत नाही. पैसा, जिन्नस, मजुरी, सगळं नवऱ्याचं. तरीही अ‍ॅबिगेलने स्वतःचा म्हणून पैसा बाजूला काढला. लढाईच्या काळात नवऱ्याने परदेशातून पाठवलेला माल ती विकायची, त्यातून नफा. नवऱ्याला जमीन घ्यायची हौस, ती म्हणे सरकारी रोखे घ्या, त्यात जास्त मिळतं. तिचंच खरं ठरलं. रोखे तिच्या नावावर घेता येत नव्हते म्हणून तिच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या हाताने व्यवहार व्हायचे. आणि 1816 मध्ये, वयाच्या बहात्तरीकडे झुकलेली असताना, तिने चार पानी मृत्युपत्र लिहिलं. कायद्याने ते लिहायचा अधिकार तिला नव्हता. पैसे, रोखे, कपडे, दागिने, जवळजवळ सगळं तिने बायांना दिलं. नाती, भाच्या, सुना, घरात काम करणाऱ्या बाया. दोन वर्षांनी ती वारली. कायद्याप्रमाणे म्हातारा नवरा तो कागद चुलीत घालू शकला असता. त्याने तो शब्दाला शब्द पाळला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या मागणीला तो हसला होता, ती तिने आपल्या पेटीपुरती तरी पुरी करून घेतली होती.

आता त्या जहाजातल्या पोरीकडे.

तिचं खरं नाव आज कोणालाही माहीत नाही. दुधाचे दात पडत होते त्यावरून वय ठरवलं, सात-आठ. अंगावर धड कपडा नव्हता. बोस्टनच्या व्हीटली नावाच्या शिंपी-व्यापाऱ्याने तिला बायकोच्या हाताखाली विकत घेतलं. जहाजाचं नाव फिलिस होतं, म्हणून पोरीचं नाव फिलिस ठेवलं. ज्या जहाजाने आईपासून तोडलं त्याच जहाजाची हाक आयुष्यभर कानावर घ्यायची, याचा विचार नाव ठेवणाऱ्यांनी केला असेल असं वाटत नाही. पण त्या घरातल्या लेकीने तिला वाचायला शिकवलं, आणि पोर अशी तल्लख की सोळा महिन्यांत इंग्रजीतलं अवघड बायबल वाचू लागली. पुढे लॅटिनही शिकली. 1767 मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, तिची कविता वर्तमानपत्रात छापून आली.

तिच्या कवितांचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा बोस्टनमध्ये आगाऊ नावं नोंदवणारे पुरेसे मिळाले नाहीत. एका गुलाम मुलीने हे लिहिलं, यावर लोकांचा विश्वासच बसेना. शेवटी शहरातल्या 18 प्रतिष्ठित पुरुषांनी सही करून दाखला दिला, की या कविता हिच्याच आहेत, अशी आमची खात्री आहे. त्यात इंग्रज राजाचा गव्हर्नर होता आणि जॉन हॅनकॉकही होते, ज्यांची सही पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सगळ्यात मोठी पडली. एकमेकांचं तोंड न बघणारी ही माणसं एका कागदावर एकत्र आली ती कशासाठी, तर या पोरीला खरंच अक्कल आहे हे सांगण्यासाठी. गटाच्या वहीत बाईने स्वतः नीट हिशेब लिहिला तरी 'कोणाकडून लिहून घेतलं?' असं विचारणारे आजही भेटतात. तेव्हा या दाखल्याचं आम्हाला फार आश्चर्य वाटलं नाही. पुस्तक 1773 मध्ये लंडनला छापलं गेलं. आफ्रिकी वंशाच्या अमेरिकन माणसाचं हे पहिलं छापील कवितांचं पुस्तक. त्यानंतर लवकरच मालकाने तिला मोकळं केलं.

तिच्या कविता आज वाचताना जुन्या वळणाच्या वाटतात. देवाधर्माच्या, कोणाच्या निधनावरच्या, त्या काळच्या रीतीने सजवलेल्या. म्हणून काही लोक म्हणतात, तिने गुलामगिरीवर सरळ घाव का घातला नाही? आम्हाला हा प्रश्न बसल्या जागेवरून विचारलेला वाटतो. मालकाच्या घरात, मालकाच्या दिव्याखाली लिहिणाऱ्या मुलीने काय काय शब्दांच्या घडीत ठेवलं असेल, ते घडी उलगडणाऱ्यालाच दिसतं. आणि मोकळी झाल्यावर तिने सरळही लिहिलं. 1774 च्या फेब्रुवारीत सॅमसन ऑकम या मूलनिवासी समाजातल्या धर्मोपदेशकाला तिने पत्र लिहिलं, ते वर्तमानपत्रांत छापून आलं. मोकळं असण्याची ओढ देवाने प्रत्येक माणसाच्या आत घातलेली आहे, असं तिचं म्हणणं. आणि जी मंडळी स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी एवढा गलका करतात तीच दुसऱ्याला दाबून ठेवतात, यातली विसंगती कळायला फार मोठं पंडित असावं लागत नाही, असा तिने चिमटाही काढला. वीस-एकवीस वर्षांची होती.

पुढे तिने सेनापती जॉर्ज वॉशिंग्टन यांना कविता पाठवली, त्यांचं आदराचं उत्तर आलं, भेटीचं बोलावणंही. पण आदराने पोट भरत नाही. मालकीण वारली, लढाईत महागाई भडकली, लग्न एका मोकळ्या काळ्या माणसाशी झालं त्याचं बस्तान बसेना. 1779 मध्ये तिने दुसऱ्या पुस्तकाची जाहिरात दिली. नावं नोंदवायला कोणी आलं नाही. मोलमजुरी करत 5 डिसेंबर 1784 ला ती बोस्टनमध्ये गेली, वय एकतिसच्या आसपास. त्या दुसऱ्या पुस्तकाची वही आजवर सापडलेली नाही. आणि जेफर्सन यांनी आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं, की हिच्या कविता टीका करण्याच्याही लायकीच्या नाहीत. राग येतो, येऊ द्यावा.

फिलिसला अक्षरं मिळाली होती. जिला तीही मिळाली नाहीत, तिची गोष्ट आता.

मॅसॅच्युसेट्स राज्यात शेफील्ड नावाच्या गावी कर्नल जॉन अ‍ॅशली यांचं मोठं घर होतं. 1773 च्या जानेवारीत याच घरात बसून गावातल्या पुढाऱ्यांनी एक ठराव लिहिला, की निसर्गाने माणसं समान आणि मोकळी आहेत. मसुदा लिहिणारा होता थिओडोर सेज्विक नावाचा तरुण वकील. त्याच घरात बेट नावाची गुलाम बाई राबत होती. वर माणसं समानतेवर बोलत बसली असतील तेव्हा खाली चूल कोण सांभाळत होतं, हे तुम्हाला सांगायला नको.

घरची मालकीण तापट. एकदा तिने बेटच्या धाकट्या बहिणीवर चुलीतला तापलेला फावडा उगारला. बेट मधे पडली आणि घाव स्वतःच्या हातावर घेतला. व्रण जन्मभर राहिला. तो व्रण तिने झाकला नाही. हाताला काय झालं, असं कोणी मालकिणीसमोर विचारलं की ती म्हणे, बाईसाहेबांनाच विचारा.

1780 मध्ये त्या राज्याची नवी घटना झाली. तिच्या पहिल्याच कलमात होतं, की सगळी माणसं जन्मतः मोकळी आणि समान आहेत. बेटने हे कुठे ऐकलं, याबद्दल दोन प्रकारे सांगतात. कोणी म्हणतं गावच्या सभेत वाचलेलं ऐकलं, कोणी म्हणतं घरात ताटं वाढताना मालकांच्या तोंडून. वाचता तर येत नव्हतं. पण ती उठली आणि सेज्विक वकिलाकडे गेली, ठरावाचा मसुदा लिहिणाऱ्या त्याच वकिलाकडे. तो कागद वाचून दाखवतात त्यात सगळे समान असं आहे, मी काही मुकं जनावर नाही, मग तो कायदा मला माझी सुटका देणार नाही का, असं तिने विचारलं.

सेज्विकची पंचाईत झाली असणार. अ‍ॅशली त्याच्या बैठकीतले. पण त्याने खटला घेतला. बेटच्या जोडीला त्याच घरातला ब्रॉम नावाचा गुलाम पुरुष होता. 1781 च्या ऑगस्टमध्ये ग्रेट बॅरिंग्टनच्या कोर्टात पंचांनी निकाल दिला: हे दोघे अ‍ॅशली यांचे गुलाम नाहीत. वर 30 शिलिंग भरपाई. अ‍ॅशली यांनी अपील केलं आणि मग स्वतःच मागे घेतलं. नंतर दोन वर्षांत त्याच राज्यात दुसऱ्या एका गुलामाच्या खटल्यात न्यायाधीशांनीही हेच सांगितलं, की ही घटना आणि गुलामगिरी एकत्र नांदू शकत नाही. 1790 च्या शिरगणतीत मॅसॅच्युसेट्समध्ये गुलाम एकही नोंदलेला नाही.

बेटने नवं नाव घेतलं, एलिझाबेथ फ्रीमन. फ्रीमन म्हणजे मोकळा माणूस. फिलिसला जहाजाचं नाव मिळालं होतं; हिने आपलं आपण निवडलं. अ‍ॅशली यांनी पगारावर परत ये म्हणून सांगितलं, ती गेली नाही. सेज्विकच्या घरी पगारावर काम केलं, त्यांची मुलं वाढवली, पंचक्रोशीत सुईणपण केलं, आजाऱ्यांना औषधपाणी केलं, आणि पैसा साठवून स्वतःचं घर घेतलं. 1829 मध्ये ती वारली. तिच्याबद्दल आपल्याला एवढं कळतं ते तिने वाढवलेल्या त्या घरातल्या एका मुलीमुळे. कॅथरीन सेज्विक पुढे लेखिका झाली आणि तिने ही हकिगत लिहून ठेवली.

आणखी एक नाव घाईघाईने सांगतो. ज्युडिथ सार्जंट मरी. ग्लॉस्टर नावाच्या बंदरगावातली बाई. 1790 मध्ये तिने टोपणनावाने मासिकात लेख लिहिला, बाई आणि पुरुष यांच्या समानतेवर. दोन वर्षांचा मुलगा आणि दोन वर्षांची मुलगी शेजारी बसवा, अक्कल कोणाची कमी दिसते? मग एकाला शिकवायचं आणि दुसरीला घरात अडकवायचं, आणि वीस वर्षांनी म्हणायचं की बायांना डोकं कमी, हा कुठला न्याय, असा तिचा मुद्दा. ती आपल्या पत्रांच्या नकला वह्यांत उतरवून ठेवायची. त्या 20 वह्या 1984 मध्ये मिसिसिपी राज्यातल्या एका जुन्या घरात सापडल्या. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं 1882 मध्ये. या दोघींची ओळख असायचं काही कारण नाही, पण एका ओट्यावर बसवल्या असत्या तर रात्र पुरली नसती.

मग हे कागद आपल्याकडे कधी पोचले? पोचले. कंचुक्या शिवणाऱ्या पेनने पुढे 'माणसाचे हक्क' नावाचं पुस्तक लिहिलं, 1791-92 मध्ये. पेन 1809 मध्ये न्यूयॉर्कला वारला तेव्हा मातीला जेमतेम पाच-सहा माणसं होती. पण पुस्तक फिरत राहिलं. पुण्यात जोतिराव फुले यांनी विशीत असताना, 1847 च्या सुमारास, मित्रांबरोबर ते वाचलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढच्याच वर्षी जोतिराव आणि सावित्रीबाईंची मुलींची शाळा निघाली. आणि 1873 मध्ये जोतिरावांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक काढलं. फिलिसच्या कवितांच्या पुस्तकाला त्या वर्षी बरोबर शंभर वर्षं होत होती. अमेरिकेत मोठी यादवी होऊन 1865 मध्ये देशभरातली गुलामगिरी कायद्याने संपली होती. जोतिरावांनी आपलं पुस्तक अर्पण केलं ते अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी गुलामांच्या सुटकेसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही त्यांचा कित्ता घ्यावा आणि इथल्या शूद्रांना मोकळं करावं, अशी इच्छा त्यांनी तिथेच लिहिली आहे. अर्पणपत्रिका छोटीच आहे. पुस्तक हाती आलं तर आधी ते पान काढा.

पुढच्या वेळी मुक्ता साळवे हिचा निबंध आम्ही वाचून दाखवणार आहोत. फुल्यांच्या शाळेतली मुलगी, मांग समाजातली. तिचा हा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. हे वर्तमानपत्र अमेरिकन मिशनऱ्यांनी अहमदनगरला सुरू केलेलं. निबंध मोठा आहे, दोन भागांत वाचू. एका शाळकरी पोरीने लिहिलेला आहे, तेव्हा रेडिओभोवती बसताना घरातल्या पोरींनाही हाक मारा.